सहाशे दूधपुस्तकं

दूध संस्थेचे सेक्रेटरी नागूभाऊ दुकानात शिरले तेव्हा छायाच्या उजव्या हाताची तीन बोटं निळी होती आणि डाव्या हाताचा अंगठा पिवळा. ती सिरिंजनं प्रिंटरची कार्ट्रिज भरत होती. शाई संपली की जुनं कार्ट्रिज फेकायचं आणि नवं आणायचं, हे थाट कर्जतच्या बाजारपेठेत ठीक. कडावच्या अलीकडच्या नाक्यावर झेरॉक्स आणि फोटोचं दुकान चालवणारीला ते झेपत नाहीत. ती कार्ट्रिजच्या डोक्यावरचा कागद नखानं उचलायची, खालच्या भोकात सुई घालायची आणि श्वास धरून थेंब थेंब शाई आत सोडायची. घाईनं दाबलं की निळा पिवळ्यात उतरतो आणि पुढच्या वीस पानांवर माणसं हिरवी निघतात. सहा वर्षांत हे ती स्वतःच्या चुकांतूनच शिकली होती.

"छाया, हात पूस आणि ऐक," नागूभाऊ छत्री दारात झटकत म्हणाले. "संस्था यंदा सगळ्या सभासदांना दूधपुस्तक देणार हाय. जाड चकचकीत कागद, पुढं माणसाचा रंगीत फोटो, आत जनावराचा. सहाशे पायजेत. पंधरा ऑगस्टच्या सभेच्या आधी."

"सहाशे?"

"गेल्या साली सभेत कोणी सोमे-गोमे येऊन हात वर करून गेले. यंदा पुस्तक दाखवील त्याचाच हात मोजायचा, असा ठराव झालाय." नागूभाऊंनी स्टूल ओढलं आणि आवाज खाली आणला. "आनि तुला म्हणून सांगतो. ह्या गाळ्यासाठी कर्जतच्या हरेशचा अर्ज आलाय. मोठी मशीन हाय त्याची. चेअरमन म्हणतात, गाळा संस्थेचा, मग संस्थेचं काम निभावील त्यालाच द्यावा. सभेत इषय निघणार. तू सहाशे पुस्तकं दिलीस तर मी बोलायला मोकळा. नाय दिलीस तर माझं तोंड बंद."

छाया हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार. गाळा दूध संकलन केंद्राला चिकटून होता. सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या घेऊन माणसं येत आणि जाताजाता आधारची झेरॉक्स, सातबारा, नातवाचा पासपोर्ट फोटो अशी कामं तिच्याकडं टाकून जात. हा गाळा गेला की दुकान गेलं. घरची दोन खाचरं वर्षाचा तांदूळ देत, पण तांदळाबरोबर लागणारं मीठसुद्धा त्यातून येत नसे. आणि नवरा पावसाळ्याचे चार महिने घरी बसणारा.

राजेश माथेरानला एका हॉटेलात वाढप्याचं काम करायचा. पावसाळा आला की छोटी गाडी बंद होते, पाहुणे आटतात आणि मालक सांगतो, दसऱ्याला या. आठ महिने वर राहिलेला माणूस चार महिने खाली आला की त्याला घर लहान वाटतं आणि बायकोच्या कामात सुधारणा सुचतात. राजेशला त्या संध्याकाळीच सुचली.

"सिरिंजनं सहाशे पानं? दोन्ही बाजू? येडी झालीस काय," तो भाकरी मोडत म्हणाला. "नळीवाली सिस्टीम बसव. आमच्या हॉटेलच्या हापिसात हाय. बाजूला चार डबे, त्यात शाई वतायची, नळीनं आपोआप जाते. छाप छाप छापायचं."

"आनि नळीत हवा धरली की चारी रंग एकदम बंद," छाया म्हणाली. "कार्ट्रिजचं बरं असतं. एक रुसलं तर दुसरं लावता येतं. माझ्याकडं तीन जोड हायेत."

"तीन जोड भरत बस मग."

सासरा भिवाजी चुलीपाशी बसून ऐकत होता. सासऱ्याला ती मामा म्हणे. त्याचं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "हातानं होतं ते हाताखाली राहतं." ते ऐकून छायाला बरं वाटलं.

पुढचा आठवडा फोटो काढण्यात गेला. माणसांचे फोटो सोपे. डोकं पुसायचं, पांढऱ्या चादरीपुढं उभं राहायचं. जनावरांचं अवघड. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात छत्री धरून छाया गोठ्यागोठ्यांतून शेणात उभी राहिली. म्हैस ऐन वेळी मान वळवायची आणि फोटोत नुसतं ढुंगण यायचं. मालक म्हणायचे, परत काढ, आमची म्हस तोंडावरून ओळखू येते. मधल्या वाडीची सोनुबाई, सत्तरीची, स्वतःच्या फोटोला नको म्हणत होती आणि म्हशीच्या फोटोआधी तिला न्हाऊ घालून कुंकू लावून बसली होती. मधली वाडी म्हणजे छायाची स्वतःची वाडी. तिथं तिनं फोटो काढून चहाही घेतला.

नऊ तारखेला छपाईला हात घातला आणि पहिल्याच दिवशी कळलं की हे काम म्हशींनी अडवायचं ठरवलंय. म्हशी काळ्या. एकेक म्हैस पानभर काळी शाई पीत होती. पंचवीस पानं झाली की कार्ट्रिज कोरडं, मग परत सुई, परत श्वास धरणं, शाई सोडणारं हेड पुसणं, दोन पानं वाया. दुपारपर्यंत तिच्या अंगठ्याला सिरिंजच्या दांड्यानं फोड आला. संध्याकाळी तिसरा जोडही रुसला. चेहऱ्यांवर आडव्या रेघा यायला लागल्या आणि मग माणसं हिरवी पडायला लागली. त्यात चेअरमनचं पुस्तक होतं.

ते पान तिनं बाजूला टाकलं होतं, पण दूध घालून आलेल्या नागूभाऊंनी उचललं. बाहेर किटल्यांची रांग उभी होती. नागूभाऊंनी पान वर धरलं. "हे बघा आपले चेअरमन. हिरवा चारा जास्त झाला वाटतं."

रांग हसली. छायाही हसली, कारण न हसून चाललं नसतं. मग आत येऊन तिनं पानं मोजली. दिवसभरात चाळीस पानं धड निघाली होती. ह्या चालीनं पंधरा तारखेला दोनशे झाली असती. बाहेरच्या हसण्यात तिला आपला गाळा जाताना ऐकू येत होता.

घरी आल्यावर तिनं राजेशला सांगितलं, "तुमच्या त्या नळीवाल्याला बोलवा." तो काही लागट बोलेल अशी तिला भीती होती. त्यानं लगेच फोन लावला, एवढंच.

नीलेश दुसऱ्या दिवशी सकाळी नेरळहून मोटारसायकलवर आला. पोशीरजवळ घसरला म्हणून त्याची अर्धी पॅन्ट चिखलाची होती. त्यानं पिशवीतून चार रंगांचा जोडडबा काढला आणि बोटभर जाड नळ्यांची पट्टी काढली. मग छायाच्या सगळ्यात चांगल्या कार्ट्रिजच्या डोक्यावर त्यानं ड्रिल लावलं.

"हे कापल्यावर परत सिरिंजवर येता येईल?" छायानं विचारलं.

"नाय ताई. एकदा भोक पाडलं की ती नळीचीच झाली. बाकीचे दोन जोड तर गेलेलेच हायेत, हेड जळलंय. ठरवा."

छायानं राजेशकडं पाहिलं. राजेशनं भिंतीकडं पाहिलं. तिला एकदम फार एकटं वाटलं. "पाडा," ती म्हणाली.

अर्ध्या तासात नळ्या बसल्या. टेबलावर कॉम्प्युटर होता, म्हणून प्रिंटर घरून आणलेल्या लाकडी चौरंगावर ठेवला होता. नीलेशनं डबे चौरंगावरच, प्रिंटरच्या कडेला मांडले. वरची चार बारकी बुचं काढली. "छापताना ही उघडी पायजेत, हवा लागते. आनि डबे प्रिंटरच्या रांगेतच ठेवा. वर नाय, खाली नाय. आता प्रिंटरमधी काय नाय, सगळा जीव ह्या डब्यात हाय." हे त्यानं छायाला आणि राजेशला सांगितलं. भिवाजी दारात बसून ऐकत होता. त्यानं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

आणि मग प्रिंटर जो चालू झाला तो थांबेना. सोनेरी शिंगांच्या गाई, काळ्याभोर म्हशी, माणसांच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं जसंच्या तसं. छाया कागद लावत होती, राजेश नावं तपासत होता, भिवाजी पान दुमडून पिना मारत होता. उभ्या जन्मात विळा आणि नांगर धरलेली त्याची बोटं जाड, पण घडीवर नख फिरवलं की ती धार लावल्यासारखी बसे. पहिल्याच दिवशी शंभरावर पुस्तकं झाली. दुपारी जेवताना छाया चक्क गुणगुणली. राजेशनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

बारा तारखेला राजेश यादी पुढं ओढून म्हणाला, "आता आपल्या वाडीची काढ. मधली वाडी, खालची आळी, तिकडचे दोन पाडे. दोनशे हायेत. सभेत आपल्या बाजूनं हात वर करणारी माणसं ती."

"घरचं मागून," छाया म्हणाली.

"आगं, पण."

"पंगतीत आपली माणसं आधी बसतात काय? आधी पाव्हणे. चेअरमनच्या गावची, नाक्यावरची, पलीकडच्या बाजूची आधी देऊ. ती बोलणारी हायेत. आपली माणसं दोन दिस थांबतील, कुरकुरणार नाय. उद्या लोक म्हणतील, संस्थेचं काम घेतलं आनि सोयऱ्यांचं आधी केलं."

"बरोबर बोलली," भिवाजी म्हणाला. "माझं तर सगळ्यात मागून काढ." ह्या बाबतीत सासरा-सून नेहमीच एका बाजूला असत. राजेशनं यादी खाली ठेवली. परक्यांची पुस्तकं नागूभाऊंनी त्या-त्या दिवशी वाटूनही टाकली.

तेरा तारखेला दुपारपर्यंत तीनशे नव्वद झाली. राहिली दोनशे दहा. एक वाजता लाइट गेली. पाऊस तीन दिवस नुसता ओतत होता, त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं. तेवढ्यात घराकडं गेलेल्या राजेशचा फोन आला. खालच्या खाचराचा बांध फुटला होता, लावणी वाहून चालली होती आणि एकट्याच्यानं बांध धरणं शक्य नव्हतं.

"लाइट येईस्तोवर इथं बसून तरी काय करू," छाया भिवाजीला म्हणाली. "मी जाऊन येते, मामा. तुमी बसा. कोणी आलं तर सांगा, संध्याकाळी या."

डब्यांबद्दल ती काही बोलली नाही. बोलायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. पुढं कितीतरी दिवस ती ह्या एका गोष्टीपाशी येऊन थांबायची.

खाचरात मांडीएवढं पाणी होतं. राजेश फुटक्या जागी पाठ लावून उभा होता आणि ती चिखलाचे गोळे उचलून त्याच्या दोन्ही बाजूंना रचत होती. दगड, पेंढा, चिखल, परत दगड. अंगठ्यावरचा फोड फुटला, त्यात चिखल गेला. दोन तासांनी पाणी थांबलं तेव्हा अर्धी लावणी उभी होती. राजेश बांधावर बसला आणि म्हणाला, "वाचलं." त्या दिवसातलं तेवढंच वाचलं.

नाक्याजवळच्या ओढ्यानं दरम्यान रस्ता ओलांडला होता. ती दोघं दुकानाशी पोचली तेव्हा पाणी ओसरलं होतं, पण उंबऱ्याच्या आत दोन बोटं गाळ बसला होता. लाइट आलेली होती. भिवाजी स्टुलावर बसला होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, दम लागलेला, पण चेहऱ्यावर समाधान.

"बघ," तो छायाला म्हणाला. "एक कागद भिजू दिला नाय. पाणी चौरंगाच्या पायाला लागलं तसा उठलो. कोरे कागद वर, यादी वर, तुझी पैशाची पेटी वर. प्रिंटर काय मला उचलंना. म्हटलं, जीव डब्यात हाय, डबे तरी वाचवू."

डबे भिंतीवरच्या फळीवर होते. नळ्या ताणून ताणून त्यानं ते प्रिंटरच्या हातभर वर, जपून, सरळ ठेवले होते. चारही डबे रिकामे होते. वरच्या उघड्या भोकांतून हवा आत गेली होती आणि सगळी शाई नळ्यांतून खाली उतरून प्रिंटरच्या पोटात, तिथून चौरंगावर, तिथून जमिनीवरच्या गाळात गेली होती. गाळाला आधी काळा, मग जांभळा रंग आला होता.

जन्मभर वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरवलेल्या माणसाला हे सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. भिवाजीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग ती बघत होती तिकडं पाहिलं, आणि त्याला हळूहळू कळलं.

"पूर आला की आधी बियाणं वर घ्यायचं," तो स्वतःशीच म्हणाला. "मग भांडी. मग माणसं. मी तेच केलं."

"तुमाला कोणी सांगितलेलं हात लावायला?" राजेश ओरडला. "कोणी सांगितलेलं?"

"त्यांना कशाला बोलता," छाया म्हणाली. तिनं पदर प्रिंटरमध्ये कोंबला. पदर काळा झाला. मग फडकं, मग वर्तमानपत्र, मग परत पदर. बोटं आत जातील तिथपर्यंत तिनं पुसलं. थोडं थांबावं, वाळू द्यावं, नीलेशला विचारावं, हे तिला कळत होतं. पण दोनशे दहा राहिली होती आणि मधे एकच दिवस होता. तिनं बटण दाबलं.

आतून टक असा आवाज आला. मग जळल्याचा वास आला. प्रिंटरचा हिरवा दिवा लागला नाही.

नीलेशनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "लाइट लावली नाय ना?" त्यानं विचारलं. छायानं फोन राजेशच्या हातात दिला.

चौदा तारखेला सकाळी पेनड्राइव्ह आणि उरलेले कोरे कागद पॉलिथिनमध्ये गुंडाळून ती टेंपोनं कर्जतला गेली. अर्ध्या गावात लाइट नव्हती. तिच्यासारखीच दुकानं, तिच्यासारखेच प्रिंटर, सगळे मुके. एका दुकानात जनरेटरवर झेरॉक्स चालू होतं. तिथली बाई म्हणाली, माझ्याकडं एकच कार्ट्रिज आहे, तेही दोनदा भरलेलं. तिनं मायेनं सात पानं काढून दिली. आठव्या पानावर सोनुबाईची म्हैस निळी आली तेव्हा दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि छाया उठली.

उरला हरेश. तिनं पाऊण तास स्टेशनबाहेर उभं राहून दुसरा कोणी आठवतो का पाहिलं. मग गेली.

हरेशच्या दुकानात इन्व्हर्टर होता, पंखा होता आणि उद्याच्या झेंडावंदनाच्या बॅनरांचा ढीग होता. तो वाईट माणूस नव्हता, हे छायाला जास्त लागलं. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकलं.

"ताई, नाय म्हणत नाय," तो म्हणाला. "पण ही बॅनरं पाच वाजेपर्यंत द्यायचीत. उरला वेळ तर तुमचीच काढतो. बसा."

ती बसली. अकरा वाजता बसली ती पाच वाजता उठली. मधे दोन वेळा मशीन मोकळी झाली आणि दोन्ही वेळा कोणीतरी नवं बॅनर घेऊन आलं. दुपारी हरेशनं वडापाव मागवला. ती नको म्हणाली, मग खाल्ला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याच्याकडं खाताना तिला स्वतःची लाज वाटली. पाच वाजता तो घड्याळ बघून म्हणाला, "तुमचा शेवटचा टेंपो जाईल." त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं आणि खरंही फारसं नव्हतं.

पंधरा तारखेला झेंडा झाला आणि संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा बसली. पाऊस थोडा थांबला होता, सगळ्यांच्या कपड्यांतून वाफ निघत होती. नागूभाऊंनी तीनशे सत्याण्णव पुस्तकं तयार झाल्याचं सांगितलं. दोनशे तीन राहिली, असंही सांगितलं.

"का राहिली?" चेअरमन म्हणाले.

छाया उठून उभी राहिली. "दुकानात पाणी शिरलं. मशीन गेली. चूक माझी हाय."

"तिची नाय." भिवाजी मागून बोलला. उठताना त्यानं शेजारच्याच्या खांद्याला धरलं. "डबे मी वर ठेवले. सून दुकानात नव्हती. मी अडाणी माणूस. तिचा गाळा घेऊ नका." त्याचा आवाज फाटला. चाळीस वर्षं ह्या शेडमध्ये दूध घालणाऱ्या माणसाला छायानं पहिल्यांदाच हात जोडताना पाहिलं. तिला वाटलं, जमीन दुभंगून आपण आत जावं.

"भिवाजी, बसा," चेअरमन म्हणाले. "चूक कोणाचीपण असू दे. काम झालं नाय, एवढं खरं. तरी मी माझं म्हणणं लादत नाय. गाळा छायाकडं ठेवायचा का, हात वर करा. पुस्तक हातात घेऊन."

छाया मागं वळली. शेडच्या डाव्या बाजूला मधली वाडी बसली होती, खालची आळी, दोन्ही पाडे. एकूणएक आले होते. इरली भिंतीला लावलेली, पाय चिखलाचे. हात वर गेले. तिनं मोजायचा प्रयत्न केला आणि तिला हुंदका आला, इतके होते.

"पुस्तक दाखवा," चेअरमन म्हणाले.

हात तसेच राहिले. रिकामे.

"आमची झाली नाय ना अजून," सोनुबाई म्हणाली. "माझं कर्जतहून येणार हाय, म्हशीचं निळं झालंय. पण मी हाय ना. मला वळखत नाय काय तू? तुझ्या लग्नात हळद मी लावली."

काही माणसं हसली. चेअरमनही हसले, पण मान हलवली. "आजी, नियम सगळ्यांनी मिळून केलाय. गेल्या साली काय झालं ते तुमीच बघितलं. पुस्तक नसलेला हात मोजता येत नाय. नागूभाऊ, लिहा."

नागूभाऊंनी शेडकडं न बघता मोजलं. पुस्तक घेऊन वर आलेले हात एकेचाळीस होते. मग हरेशचं नाव निघालं. चेअरमनचं गाव, नाक्यावरचे, पलीकडची बाजू, सगळ्यांच्या हातात चकचकीत पुस्तकं होती. शंभर-दीडशे पुस्तकं एकदम वर गेली. सोनेरी शिंगं, काळ्या म्हशी. प्रत्येकाची घडी भिवाजीच्या नखानं बसवलेली होती. रंग फार सुंदर आले होते.

डाव्या बाजूचे हात खाली आले नाहीत. सोनुबाईचा तर चहा वाटेपर्यंत वर होता. शेवटी शेजारणीनं तो धरून तिच्या मांडीवर ठेवला.

सभा संपल्यावर माणसं छायाजवळ येऊन काहीतरी बोलून गेली. कोणी म्हणालं देव बघतो, कोणी म्हणालं दसऱ्यानंतर बघू. राजेश शेडच्या बाहेर उभा होता. सांगितलं होतं मी, हे तो म्हणाला नाही. त्यानं तसं म्हटलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. भिवाजी एकटाच घराच्या वाटेला लागला होता, पाऊस परत सुरू झाला होता आणि त्यानं डोक्यावर काही घेतलं नव्हतं.

हरेश दुकानाच्या दारातच भेटला. आत गाळ सुकून जांभळ्या भेगा पडल्या होत्या. त्यानं चपला बाहेर काढल्या, मग परत घातल्या.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मला कर्जतचं सोडून इकडं बसता येणार नाय. आनि इथली माणसं तुमाला वळखतात. तुमीच बसाल का? महिन्याचं ठरवू काय ते. मोठी मशीन मी आणीन. किरकोळ कामाला एक जुना प्रिंटर हाय. कार्ट्रिज भरता येतात ना तुमाला?"

छायानं गाळ्याकडं पाहिलं. राजेशला दसऱ्यापर्यंत काम नव्हतं. खाचर अर्धं गेलं होतं. घरी म्हातारा पोचला असेल किंवा नसेल.

"येतात," ती म्हणाली.

"मग उद्यापासून या. चावी राहू दे तुमच्याकडंच."

सहा वर्षं ती सकाळी सातला शटर वर करत होती, कोणाला न विचारता.

"दुधाची माणसं सातला येतात," ती म्हणाली. "सातला उघडलं तर चालंल ना तुमाला?"